श्यामनी माय: एका बारशाचं प्रकरण

आमच्याकडे नाव ठेवायचा मान आत्याचा. पाळण्यावर वाकायचं, बाळाच्या कानात नाव सांगायचं, 'कुर्रर्र' म्हणायचं आणि बायकांचे धपाटे पाठीवर घ्यायचे. नाव ठरवतात दुसरेच. पण मी धुळ्याला कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते, त्यामुळे नात्यागोत्यात कुणाकडे पाळणा हलला की फोन मला येतो: "ताई, जरा वेगळं, अर्थ असलेलं, पुस्तकातलं सांग." मीही हौसेनं सांगत आले. कर्ण सांगितलं, नचिकेत सांगितलं, अभिमन्यू सांगितलं. 2024 साली माझ्या सख्ख्या भावाला मुलगा झाला आणि पुस्तकातलं नाव घरात येतं तेव्हा त्याचा भार नेमका कुणाच्या डोक्यावर बसतो, हे मला पहिल्यांदा कळलं. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे.

आमचं घर अमळनेरचं. आप्पा निवृत्त शिक्षक. भाऊ तिथंच नोकरीला, वहिनी सरकारी रुग्णालयात परिचारिका. तिचं माहेर तापीपलीकडे चोपड्याला, बाळंतपणही तिथंच झालं. आषाढ सरता सरता मुलगा झाला. चोपड्याच्या गुरुजींनी पंचांग बघून पूर्वाभाद्रपदा नक्षत्र सांगितलं, अक्षर 'सो'. वहिनीच्या आईनं त्याच संध्याकाळी 'सोहम' ठरवून टाकलं. आप्पा राष्ट्र सेवा दलात वाढलेले, राशीचं अक्षर त्यांनी ऐकूनही घेतलं नाही. त्यांचं नाव केव्हाच ठरलं होतं: श्याम.

आप्पांची बाजू

अमळनेरच्या माणसाला 'श्याम' का हवं, हे बाहेरच्याला थोडं उलगडून सांगावं लागेल. साने गुरुजी मूळचे कोकणातले, पालगडचे. अमळनेरला ते तत्त्वज्ञान मंदिरात शिकायला आले आणि 1924 साली इथल्या हायस्कुलात शिक्षक झाले. 1930 साली नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. म्हणजे शिक्षक म्हणून जेमतेम सहा वर्षं. पण त्या सहा वर्षांवर हे गाव अजून जगतं. शाळेच्या छात्रालयाचे ते प्रमुख होते. मुलांची विस्कटलेली अंथरुणं आवरायचे, कंदिलांच्या काचा पुसायचे, आजारी मुलाच्या उशाशी रात्र काढायचे. मुलांसाठी रोज स्वतःच्या हातानं 'छात्रालय' नावाचं दैनिक लिहून काढायचे. पुढं धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली विनोबा दर रविवारी गीतेवर बोलले, ती प्रवचनं उतरवून घेणारा हातही त्यांचाच. आणि 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली.

आप्पांचे वडील, म्हणजे आमचे आजोबा, त्या छात्रालयात राहिलेले. आजोबा सांगायचे की एकदा ते चादर तशीच टाकून वर्गात गेले, परतले तर ती घडी घालून उशीवर ठेवलेली होती. घडी कुणी घातली, ते कुणी बोललं नाही, पण सगळ्या मुलांना ठाऊक होतं. आजोबांनी त्यानंतर मरेपर्यंत स्वतःचं अंथरूण दुसऱ्याला उचलू दिलं नाही. आप्पांचंही तसंच. आमच्या घरात सकाळी चादरीची घडी हा संस्कार आहे, आणि त्याचं मूळ सगळ्यांना माहीत आहे.

त्यात 2024 च्या फेब्रुवारीत प्रताप महाविद्यालयाच्या आवारात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, 97 वं. आप्पा तिन्ही दिवस सकाळपासून मांडवात. वहिनीला तेव्हा तिसरा महिना होता. संमेलनाहून परतताना त्यांनी मनात ठरवलं असणार. नाव सांगताना ते एवढंच म्हणाले, "या गावात गुरुजींचं ऋण फेडायची दुसरी रीत मला ठाऊक नाही."

यावर कोण काय बोलणार? भाऊ गप्प राहिला. मी तर लगेच हो म्हटलं. साधं, जुनं, जिभेवर बसणारं नाव. त्याच्या उच्चाराचा एक मुद्दा मी काढला तेवढा. आमच्याकडे 'श्याम' कुणी म्हणत नाही, 'शाम' म्हणतात. मग इंग्रजी कागदांवर कुणी त्यातलं 'वाय' अक्षर गाळतं, आणि उरतो तो शब्द इंग्रजीत ढोंग या अर्थाचा. शाळेच्या दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं अशी स्पेलिंगं असलेले किती तरी शाम मी वर्गात पाहिलेत. अर्ज भरतानाच स्पेलिंग नीट लिहा, एवढं मी बजावलं आणि माझ्यापुरता विषय संपवला.

वहिनीची बाजू

वहिनी चार दिवस काही बोलली नाही. पाचव्या दिवशी सटवाईची पूजा आटोपल्यावर मी तिच्याजवळ बसले होते, तेव्हा म्हणाली, "ताई, तुम्ही सगळे पोराचं नाव कुठं ठेवताय? माझं ठेवताय."

मला क्षणभर उमगलंच नाही.

मग तिनं उलगडून सांगितलं. आपल्याकडे बाईला तिच्या नावानं कोण हाक मारतं? पहिलं मूल झालं की ती अमक्याची आई. अहिराणीत तर गल्लीभर तेच चालतं: "ओ शामनी माय, पानी उनं का?" कुठलंही नाव ठेवलं तरी हे होणारच. पण मुलाचं नाव श्याम ठेवलं की ही रोजची हाक एका पुस्तकाचं नाव होते. बाळ जन्मून आठवडा झाला नव्हता, तोवर वॉर्डातली एक मैत्रीण तिला कौतुकानं म्हणाली होती, "अगं, तू तर श्यामची आई!" सगळ्या हसल्या, तीही हसली. आणि मग रात्री तिला झोप आली नाही.

"मला बारा आठवड्यांत... फार तर सुट्टी संपली की कामावर जायचंय," ती म्हणाली. "माझी रात्रपाळी असते. पोराला तापात टाकूनही कधी जावं लागेल. तेव्हा लोक काय म्हणतील? श्यामची आई ड्युटीला गेली. मी त्याला मारलं, तर श्यामच्या आईनं मारलं. नाही मारलं, तर श्यामच्या आईनं लाडावून ठेवलं. माझ्याकडून एवढं नाही होणार ताई."

तिच्या आईचं म्हणणं आणखी निराळं होतं, आणि ती ते दबक्या आवाजात बोलायची: त्या पुस्तकातली आई मरते. आप्पांनी ते ऐकलं तेव्हा चिडले, अंधश्रद्धा म्हणाले. त्या क्षणी मीही आप्पांच्याच बाजूची होते. आता मला वाटतं की त्या माउलीनं पुस्तक आमच्यापेक्षा नीट वाचलं होतं. पुस्तकाचा शेवट तिच्या लक्षात होता. आम्ही सोयीचे तुकडे लक्षात ठेवले होते: अंघोळ झाल्यावर ओल्या पायांना माती लागू नये म्हणून आईला पदर पसरायला लावणारा श्याम, पोहायला घाबरून माळ्यावर लपलेला श्याम.

धुळ्याला परतल्यावर मी पुस्तक पुन्हा काढलं आणि या वेळी फक्त भार मोजत वाचलं. श्यामवर काय आहे? फारसं नाही. तो भित्रा आहे, हट्टी आहे, खोटंही बोलतो, आणि मोठेपणी आश्रमात मित्रांना रात्री गोष्टी सांगताना स्वतःच्या चुकाच पुढे करतो. त्या नावाच्या मुलाला गुणी असण्याची सक्ती पुस्तकानं केलेलीच नाही. सारी सक्ती आईवर. कर्ज, गरिबी, आजारपण, आणि त्यातही एकदाही न चुकलेली माया. शेवटच्या घटकेला ज्याची वाट बघायची, तो मुलगाही जवळ नाही. 1953 साली आचार्य अत्र्यांनी त्यावर चित्रपट काढला, त्याला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, आणि जी पुस्तक वाचणारी नव्हती त्या पिढीलाही ती आई पाठ झाली. मुलगा मोठा होऊन बाहेर पडला की श्याम हे हजारातलं एक नाव असेल. आईला मात्र गल्लीतून बाहेर पडायला जागाच नाही.

मग मी आजवर सुचवलेली नावं आठवली. माझ्या वर्गात एक कर्ण होता. दर वर्षी कुणी तरी शिक्षक त्याला कवचकुंडलं कुठं आहेत म्हणून विचारायचे, आणि तो ते सहज पेलायचा. नाव त्याचं, भारही त्याचाच. पण श्रावण? ते नाव ठेवणारे आईबाप पाळण्यातच मुलाकडून कावड मागून घेतात. नचिकेत? उपनिषदातला तो पोर थेट यमाच्या दारात गेला, कारण बापानं रागाच्या भरात 'तुला मृत्यूला देतो' म्हटलं. नाव मुलाला शोभतं खरं, पण त्या नावाबरोबर बापालाही एक भूमिका मिळते, आणि ती काही चांगली नाही. नाव सुचवताना मी हे कधीच बोलले नव्हते. मुलाचं काय होईल एवढंच पाहायचे. गोष्टीत मुलाच्या आजूबाजूला कोण उभं आहे, इकडे माझं लक्ष गेलं नव्हतं. याची मला खरोखर रुखरुख लागली.

मधले चुकलेले रस्ते

मध्यस्थी माझ्यावर आली आणि मी ती वाईट केली. आधी घनश्याम, श्यामकांत, श्यामसुंदर असे जोड लावून पाहिले. वहिनी म्हणाली, हाक मारताना शामच उरणार. खरंच होतं ते.

मग मी गुरुजींचंच नाव सुचवलं: पांडुरंग. पांडुरंग सदाशिव साने. ऋणही फिटेल आणि आईचा प्रश्नही सुटेल. गंमत वाटेल, पण या वेळी अडला भाऊ. तो वसतिगृहात 'कोसला' वाचून मोठा झालेला. भालचंद्र नेमाड्यांचं सांगवी आमच्याच जिल्ह्यात, यावल तालुक्यात. 1963 साली आलेल्या त्या कादंबरीचा नायक पांडुरंग सांगवीकर. "माझ्यासाठी पांडुरंग म्हणजे बापाशी न पटणारा पोरगा," भाऊ म्हणाला. "मी त्याला रोज त्या नावानं हाक मारू?" त्याच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, विनवणी होती. एकाच नावात आप्पांना गुरुजी दिसत होते आणि भावाला सांगवीकर. दोघांचीही वाचनं खरी होती. मी ते नाव मागं घेतलं.

तेवढ्यात श्रावण लागला, खानदेशातला कानबाई देवीचा सण आला. रोटांना, म्हणजे तिच्या प्रसादाच्या जेवणाला, सगळे भाऊबंद अमळनेरच्या घरात जमले आणि प्रत्येक जण आल्या आल्या विचारू लागला, "काय नाव ठेवं?" आप्पा सांगून मोकळे व्हायचे: श्याम. वहिनी तिकडे चोपड्याला. तिच्यापर्यंत ते संध्याकाळच्या आत पोचायचं.

बाराव्या दिवसाचं बारसं आम्ही केव्हाच टाळलं होतं, आता सव्वा महिन्याचंही जवळ आलं. कागदाची घाई मात्र नव्हती, आणि हे लोकांना माहीत नसतं म्हणून इथं सांगते. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हावी लागते, पण ती नावाशिवाय होते. नाव पुढच्या 12 महिन्यांत शुल्काविना घालता येतं, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. एकदा घातलेलं नाव बदलणं मात्र फार किचकट. म्हणून दवाखान्यातल्या फॉर्मवर घाईनं नाव लिहू नये. आमच्या नोंदीत नावाची जागा कोरी होती. ती कोरी होती म्हणून घर तुटलं नाही, असं मी म्हणेन.

चोपड्याची दुपार

आप्पा नातवाला बघायला एसटीनं चोपड्याला गेले. पिशवीत घरातली जुनी प्रत होती, कडा झिजलेली, आजोबांची सही असलेली. ती वहिनीला द्यायची होती. पुढं काय झालं ते वहिनीकडून कळलं, आप्पा त्याबद्दल अजूनही बोलत नाहीत.

वहिनी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं प्रत हातात घेतली, कपाळाला लावली आणि आप्पांना परत दिली. म्हणाली, "आप्पा, आई जाते ते प्रकरण मला मोठ्यानं वाचून दाखवा. मी समोर बसते."

आप्पांनी चष्मा लावला. वाचनाची त्यांना चाळीस वर्षांची सवय. पान-दीड पान वाचलं. आई अंथरुणाला खिळलेली, तिला श्यामची आठवण येते तिथवर आले. समोर सून, तिच्या मांडीवर पोर. आप्पांनी पुस्तक मिटलं. बराच वेळ बाहेर अंगणाकडे बघत बसले. चहा झाला. निघताना दारात थांबून त्यांनी विचारलं, "मग काय ठेवावं म्हणतेस?"

महिनाभरात हा प्रश्न तिला पहिल्यांदाच कुणी विचारला होता. मीसुद्धा नाही.

सोपान

त्या रात्री दीडच्या सुमारास तिचा मला फोन आला. बाळ जागवत होतं, आणि ती जागेपणी 'सो'ची नावं मोजत होती. तिच्या आईचं अक्षरावर मन बसलेलं, ते तिला मोडायचं नव्हतं. "ताई, सोपान कसं वाटतं? माझी आजी मुक्ताबाईच्या पालखीबरोबर वारीला जायची. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताबाई असं एका दमात म्हणायची."

मी अंथरुणात उठून बसले. मुक्ताबाई आमच्याच भागातली म्हणायची. परंपरा सांगते, तापीकाठी मेहूणला वीज कडाडली आणि ती गुप्त झाली. मुक्ताईनगरहून आजही तिची पालखी पंढरपूरला निघते. सोपान हा तिचा पाठचा नव्हे, तिच्याहून थोरला भाऊ. समाधी सासवडला. या नावाला बहीण आहे आणि ती खानदेशात आहे, हे आत्या म्हणून मला फारच आवडलं.

पण मी उठून बसले ते दुसऱ्याच सोपानासाठी. वहिनीला तो आठवला नव्हता. असोद्याची लेक, जळगावच्या चौधरींची सून बहिणाबाई. तिशीत वैधव्य आलं. लिहितावाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर, चुलीपाशी ओव्या सुचायच्या. तिला ओंकार, सोपान आणि काशी अशी तीन मुलं. सोपानदेव स्वतः कवी. आईच्या ओठांवरच्या ओव्या त्यांनी आणि त्यांच्या मावसभावानं कागदावर उतरवून ठेवल्या. 1951 साली बहिणाबाई गेल्या, तेव्हा त्या ओव्या सोपानदेवांनी अत्र्यांना दाखवल्या, आणि 1952 साली 'बहिणाबाईंची गाणी' महाराष्ट्राच्या हातात आली. आज जळगावच्या विद्यापीठाला नाव आहे ते तिचं. आणि सोपानदेव, स्वतः नाव असलेला कवी, लोकांच्या तोंडी राहिला तो बहिणाबाईंचा मुलगा म्हणून.

मी हे सगळं फोनवर सांगत गेले. पलीकडे फक्त बाळाचा आवाज. मग ती म्हणाली, "म्हणजे त्या गोष्टीत आईला तिचं नाव आहे."

पुढचं ठरवायला काही उरलंच नाही. आप्पांना सकाळी भावानं सांगितलं. आप्पा म्हणाले, "सोपान म्हणजे जिना. पायरी पायरीनं चढेल." आणि अंथरुणाची घडी घालायला लागले.

श्रावण सरता सरता चोपड्यालाच बारसं झालं. घुगऱ्या वाटल्या, गोविंद घ्या गोपाळ घ्या झालं, मी कानात सोपान सांगितलं आणि धपाटे खाल्ले. वहिनीच्या आईचा धपाटा सगळ्यांत जोरात होता.

नाव घालायला नगरपरिषदेत आप्पाच गेले. जन्म जिथं झाला तिथंच नोंद असते, म्हणून पुन्हा अमळनेर ते चोपडा, तापीवरून. 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात क्रम असा: मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. आप्पांनी अर्ज स्वतःच्या वळणदार अक्षरात भरला. सोपान, आणि त्याला लागून सुनेचं नाव, पूर्ण, काना-मात्रेसह. खिडकीतल्या माणसानं ते वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी आणखी एकदा वाचायला लावलं.

आता पोर वर्षाचं होऊन गेलंय. गल्लीतून हाक येते, "ओ सोपाननी माय, नळ उना का?" आणि वहिनी आतूनच ओ देते. दुपारी सगळं घर पेंगुळलं की आप्पा ओसरीवर त्याला मांडीवर घेतात आणि अगदी हळू आवाजात 'श्याम' म्हणतात. वहिनीला ते ऐकू जातं. ती मधलं दार लोटून घेते.